उंचावर उभा असलेलाच जिंकतो का?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे भाचेमंडळी जमली होती. रात्री जेवणे झाल्यावर मुलांनी एक चित्रपट लावला आणि तो संपताच दोघा भावांत जोराचे भांडण जुंपले. चित्रपट होता २००५ सालचा ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’, म्हणजे जॉर्ज ल्यूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला. त्याच्या शेवटी मुस्ताफार नावाच्या धगधगत्या ग्रहावर ओबी-वान केनोबी आणि त्याचाच शिष्य ॲनाकिन स्कायवॉकर यांचे द्वंद्व होते. वाहत्या लाव्हारसावर तरंगणाऱ्या फलाटांवर उभे राहून दोघे लढतात. मग ओबी-वान उडी मारून काठावरच्या उतारावर जातो आणि खालच्या शिष्याला बजावतो की, आता मी उंचावर आहे, तेव्हा लढाई संपली. उगाच प्रयत्न करू नकोस. ॲनाकिन ऐकत नाही. तो गुरूच्या डोक्यावरून पलीकडे जाण्यासाठी झेप घेतो, आणि हवेत असतानाच एका वारात त्याचे दोन्ही पाय व डावा हात तुटतो.

थोरल्याचे म्हणणे, “उंचावर असणारा जिंकणारच. शिवाजीमहाराजांनी गड उगाच बांधले का?” धाकट्याचे म्हणणे, “मग १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये हाच ओबी-वान खोल विहिरीत लोंबकळत होता आणि डार्थ मॉल वर काठावर उभा होता. तिथे खालचा कसा जिंकला?” शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. “मामा, तुम्हीच सांगा, कोण बरोबर?”

खरे सांगायचे तर मला उत्तर ठाऊक नव्हते. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर जे निघाले त्याने मीच थोडा चकित झालो. तेच इथे मांडतो.

वाचकमित्रांनो, पहिली अडचण ही की ‘उंचीचा फायदा’ ही एक गोष्ट नाही. त्यात निदान चार गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या आहेत. फेकलेली वस्तू किती लांब जाते, हातातले शस्त्र कुठवर पोचते, घावाचा जोर किती वाढतो आणि अंगाला किती श्रम पडतात, हे चार वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही वेगवेगळी येतात.

पहिला प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी हातावेगळा करू. समजा, एक माणूस सेकंदाला २० मीटर वेगाने दगड फेकू शकतो. सपाटीवर, हवेचा विरोध सोडून दिला तर, ४५ अंशांच्या कोनात फेकलेला त्याचा दगड सुमारे ४१ मीटरवर पडेल. तोच माणूस ३० मीटर उंच तटावर उभा राहिला आणि त्याच कोनात त्याने दगड फेकला, तर तो तटाच्या पायथ्यापासून सुमारे ६१ मीटरवर पडेल. आता खालच्या माणसाची बाजू पाहा. त्याने दगड सरळ वर फेकला तरी तो २०.४ मीटरपर्यंत जाऊन थांबेल आणि परत येईल. तटाची उंची ३० मीटर. म्हणजे वरच्याला तो कधीच लागणार नाही! एकाचा पल्ला दीडपट होतो आणि दुसऱ्याचा पोचतच नाही. गडाच्या बाबतीत थोरला भाचा अगदी बरोबर होता. १९९९ साली कारगिलच्या युद्धात द्रासजवळच्या टायगर हिलसारख्या शिखरांवर शत्रू बसला होता, तेव्हा ती शिखरे परत घेणे आपल्या जवानांना इतके जड का गेले, हेही यावरून समजते. वरून दिसते लांबवर, वरून मारा करता येतो, आणि खालच्याला चढ चढत यावे लागते.

परंतु द्वंद्व ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दगड नाही, तोफ नाही. दोन माणसे आणि दोन तलवारी. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मला सर्वांत रंजक वाटला तो हाच.

आपल्या दोन योद्ध्यांची मापे सारखीच धरू. उंची १७० सें.मी., खांदा जमिनीपासून १४० सें.मी.वर, कपाळ १६० वर, छाती १२० वर आणि गुडघा ५० वर. खांद्यापासून मुठीपर्यंत हात ६० सें.मी. आणि तलवारीचे पाते ९० सें.मी. म्हणजे तलवारीचे टोक खांद्यापासून जास्तीत जास्त १५० सें.मी.वर जाऊ शकते. खांदा हा मध्य मानून १५० सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्या वर्तुळात जे येईल त्याला घाव बसेल, बाहेर राहील ते सुरक्षित.

खांद्याच्या समोर अगदी आडव्या रेषेत असलेल्या ठिकाणापर्यंत पूर्ण १५० सें.मी. पल्ला मिळतो. जे ठिकाण खांद्याच्या वर किंवा खाली आहे, तिथपर्यंतचा आडवा पल्ला कमी होतो. किती कमी, ते पायथागोरसच्या सिद्धांताने काढता येते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १५०, उभी बाजू म्हणजे उंचीतला फरक, आणि उरलेली आडवी बाजू म्हणजे पल्ला.

सपाट जमिनीवर पाहू. प्रतिस्पर्ध्याचे कपाळ आपल्या खांद्यापेक्षा २० सें.मी. वर आहे, म्हणून पल्ला १४९ सें.मी. येतो, जवळजवळ पूर्णच. गुडघा खांद्यापेक्षा ९० सें.मी. खाली आहे, म्हणून तिथे पल्ला फक्त १२० सें.मी. भरतो. या २९ सें.मी.च्या फरकात तलवारबाजीतले एक जुने शहाणपण दडलेले आहे. सपाटीवर जो प्रतिस्पर्ध्याच्या पायावर वार करायला जातो त्याला फार जवळ जावे लागते. प्रतिस्पर्धी नुसता पाय मागे घेतो आणि त्याच क्षणी याच्या डोक्यावर घाव घालतो. पायाचा लोभ धरणारा डोके गमावतो, असे जुने वस्ताद का शिकवीत असत, याचे कारण त्या त्रिकोणात आहे.

आता एकाला २० सें.मी. उंचीच्या एका पायरीवर चढवू. त्याचा खांदा १६० वर गेला. खालच्याचे कपाळही १६० वरच आहे. म्हणजे वरच्याला नेमका डोक्यासाठी पूर्ण १५० सें.मी. पल्ला मिळाला! खालच्याच्या खांद्यासमोर १४० वर काय येते? वरच्याची छाती. पल्ला दोघांचाही १५०, पण एकाच्या टप्प्यात डोके आणि दुसऱ्याच्या टप्प्यात छाती. वरच्याचा थोडासा फायदा झाला म्हणायला हरकत नाही.

म्हणून आणखी वर चढवू, फायदा आणखी वाढेल, असे वाटते ना? इथेच गंमत आहे.

समजा, तो तीन पायऱ्या, म्हणजे ६० सें.मी. वर गेला. खांदा २०० वर. खालच्याचे कपाळ आता ४० सें.मी. खाली राहिले, पल्ला १४५ सें.मी. झाला. खालच्याच्या खांद्यासमोर मात्र वरच्याची मांडी आली, आणि तिथे त्याचा पल्ला पूर्ण १५० आहे. वरचा पाच सें.मी.ने मागे पडला. एक मीटर वर नेला तर? वरच्याचा खांदा २४० वर. कपाळ ८० सें.मी. खाली, पल्ला १२७. खालच्याला समोर वरच्याची नडगी दिसते, आणि पल्ला तोच १५०. आता २३ सें.मी.चा तोटा झाला. १४० सें.मी. वर नेला तर वरच्याची पावले खालच्याच्या खांद्याबरोबर येतात. खालचा १५० सें.मी.वरून घोटा छाटू शकतो, तर वरच्याला डोक्यापर्यंत पोचायला ९० सें.मी.वर यावे लागते.

म्हणजे शरीराचा सर्वांत उंच भाग डोके आहे, पण हात डोक्यातून फुटत नाहीत, खांद्यातून फुटतात, आणि पाय तर सर्वांत खाली आहेत. वर गेलेल्याचे पाय खालच्याच्या हातासमोर येतात. खालच्याचे डोके मात्र वरच्याच्या हातापासून दूर जाते. एका पायरीपर्यंत उंची कामाची, त्यानंतर ती पल्ल्याच्या दृष्टीने गैरसोयीचीच.

“पण वरचा वाकेल की!” असे थोरल्याने मध्येच म्हटले. वाकेल, जरूर वाकेल. गुडघे वाकवून तो खांदा ४० सें.मी. खाली आणेल. म्हणजे मिळवलेली उंची स्वतःच परत दिली. कमरेतून पुढे वाकला तर त्याचा गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे जाईल आणि तोल खालच्या दिशेने जाईल. समोर उतार असताना ही गोष्ट चांगली नव्हे.

पल्ला म्हणजेच सर्व काही नाही, हेही कबूल करायला हवे. डोक्यावरचा घाव प्राणघातक, मांडीवरचा कदाचित नाही. त्यामुळे खऱ्या लोखंडी तलवारीच्या लढाईत पाच सें.मी.चा तोटा सोसूनही वरची जागा परवडेल. पण मुस्ताफारवरची शस्त्रे लोखंडी नव्हती! ‘लाइटसेबर’ नावाचे ते प्रकाशाचे खड्ग नुसते टेकले तरी हात किंवा पाय तुटतो. असे शस्त्र हातात असताना नडगी हे लक्ष्य डोक्याहून फारसे कमी मोलाचे नाही. तेव्हा एक मीटरचा फरक असता, तर हिशेबाप्रमाणे खाली स्थिर उभ्या असलेल्या ॲनाकिनचीच बाजू वरचढ ठरते.

तिसरा प्रश्न घावाच्या जोराचा. वरून घातलेल्या घावाला गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते, हे खरेच. पण किती? तलवारीचे वस्तुमान एक कि.ग्रॅ. धरू आणि घाव बसताना तिच्या मध्याचा वेग सेकंदाला १० मीटर मानू. तिची गतिज ऊर्जा ५० ज्यूल झाली. आता ती ६० सें.मी. जास्त खाली आली, तर गुरुत्वाकर्षणाकडून तिला १ गुणिले ९.८ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे ६ ज्यूल जादा मिळतील. वेग १० चा १०.६ होईल. एवढा फरक थकलेल्या आणि ताज्या हातातही असतो. आणि लाइटसेबरचे पाते तर कथेप्रमाणे ऊर्जेचेच. त्याला वजन नाही, मग गुरुत्वाकर्षण ओढणार कोणाला? तिथे हे सहा ज्यूलही हिशेबातून गेले.

चौथा प्रश्न श्रमाचा. तिथे आकडे एकदम मोठे होतात. ६० कि.ग्रॅ. वजनाच्या माणसाला तेच ६० सें.मी. चढायचे असेल तर त्याला ६० गुणिले ९.८ गुणिले ०.६, म्हणजे ३५३ ज्यूल काम करावे लागते. तलवारीला मिळालेल्या सहा ज्यूलच्या जवळजवळ साठपट! उंचीची खरी किंमत तलवार मोजत नाही, पाय मोजतात. शंभर पायऱ्या लढत चढून आलेला माणूस धापा टाकत असतो आणि वरचा नुसता वाट पाहत उभा असतो. सैन्याने चढावरच्या शत्रूवर चालून जाऊ नये, असे चीनचा सून-त्झू आणि रोमचा वेजेशियस हे दोघेही जुने युद्धशास्त्रज्ञ सांगून गेले, ते याच अनुभवावरून असावे. मात्र ही सैन्याची गोष्ट झाली. तीन पायऱ्यांच्या द्वंद्वात ३५३ ज्यूलने कोणी दमत नाही.

उताराचा आणखी एक त्रास वरच्याला होतो. गड चढताना जेवढे पाय घसरत नाहीत तेवढे उतरताना घसरतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. तीस अंशांच्या उतारावर नुसते उभे राहायला घर्षणांक ०.५८ तरी लागतो. कोरड्या कातळावर तो सहज मिळतो, मुरमावर मिळत नाही. खालच्या दिशेने झेपावून पुढचे पाऊल रोखायचे, तर त्याहून जास्त घर्षण हवे. म्हणून वरचा बहुधा बचाव करतो आणि खालच्याला येऊ देतो. तलवारबाजीच्या आजच्या क्रीडास्पर्धांत १४ मीटर लांबीची पट्टी सपाटच ठेवतात, त्यामुळे या साऱ्या भानगडींना तिथे जागाच उरत नाही.

चित्रपटवाले मात्र जिन्याच्या प्रेमात आहेत. १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांची झुंज वळणाच्या दगडी जिन्यावर रंगते. जिन्यावर दोघांचीही अंगे एकाच चौकटीत नीट दिसतात, यापलीकडे त्यात फार शास्त्र शोधू नये. युरोपातल्या किल्ल्यांचे गोल जिने वर जाताना उजवीकडे वळतात ते वरच्या उजव्या हाताला मोकळीक मिळावी म्हणून, असेही पुस्तकांत वाचायला मिळते. ही उपपत्ती प्रथम मांडली थिओडोर कुक या तलवारबाजीची आवड असलेल्या इंग्रज लेखकाने, १९०२ च्या सुमारास. म्हणजे किल्ले बांधून कित्येक शतके लोटल्यावर! डावीकडे वळणारे जिनेही पुष्कळ किल्ल्यांत आहेत.

मग ओबी-वान जिंकला कसा? पल्ला त्याच्या बाजूने नव्हता आणि घावाचा जोर निरुपयोगी होता. उत्तर आहे त्या उडीत.

पडद्यावरून नेमकी मापे काढता येत नाहीत, म्हणून काठ फलाटापेक्षा एक मीटर उंच धरू, आणि मुस्ताफारचे गुरुत्व पृथ्वीइतके मानू. तिथली माणसे आपल्यासारखीच चालतात-पळतात. काठावर उभ्या माणसाचे डोके फलाटापासून २.७ मीटरवर येते. पाय पोटाशी घेऊन त्यावरून जायचे, तर ॲनाकिनचा गुरुत्वमध्य साधारण साडेतीन मीटरवर जायला हवा. उभा असताना तो एक मीटरवर होता. म्हणजे अडीच मीटर उचल. त्यासाठी सेकंदाला ७ मीटर वेगाने वर झेपावावे लागेल. जागच्या जागी उडी मारणारा चांगला खेळाडू आपला गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरच्या आसपास उचलतो. त्याला सुमारे ३.१ मीटर वेग पुरतो. ॲनाकिनला पाचपट ऊर्जा हवी. ती कथेतल्या अद्भुत शक्तीने दिली असे समजून सोडून देऊ.

सेकंदाला ७ मीटर वेगाने वर निघालेला माणूस माथ्यावर पोचायला ७ भागिले ९.८, म्हणजे ०.७१ सेकंद घेतो. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायला सामान्य माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो. ताशी १४० कि.मी. वेगाने आलेला चेंडू खेळायला फलंदाजाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो, आणि तो चेंडू टप्पा पडल्यावर वळूही शकतो. ॲनाकिन वळू शकत नव्हता. पाय जमिनीवरून सुटले की माणसाच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो. तो अन्वस्तच असतो. हवेत कोलांटी घेता येते, हात-पाय आखडता येतात, पण मार्ग बदलायचा तर कशाला तरी ढकलावे लागते, आणि हवेत ढकलायला काही नसते. न्यूटनचा तिसरा नियम तिथे गप्प बसतो. उंच झेल घेणारा क्षेत्ररक्षक चेंडू वर जातानाच ओळखतो की तो कुठे पडणार. ओबी-वानला तोच झेल घ्यायचा होता, फक्त हातात खड्ग होते.

इथे उंचीने एक काम नक्की केले. काठ उंच होता म्हणून उडी उंच घ्यावी लागली, आणि उडी जितकी उंच तितका वेळ हवेत जास्त. उडी घेणाऱ्याचे बळच त्याला अधिक काळ निराधार ठेवते. शिवाय ॲनाकिनला खाली थांबून नडगीवर वार करायची सोय नव्हती. पायाखाली वाहता फलाट, भोवती लाव्हारस. आपला सह्याद्री ज्या काळ्या बेसाल्टचा बनला आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच वाहत होता. असा लाव्हा १००० अंश सेल्सिअसहून जास्त तापलेला असतो, तेव्हा इतक्या जवळ उभे राहून द्वंद्व करणाऱ्या दोघांचीही उष्णतेनेच काय अवस्था होईल, तो हिशेब मी मुलांना सांगितला नाही.

आता धाकट्याचा प्रश्न. ‘द फँटम मेनेस’मध्ये ओबी-वानने विहिरीतून वर अशीच झेप घेतली होती, डार्थ मॉलच्या डोक्यावरून पलीकडे गेला होता, आणि मॉल वर असूनही मारला गेला. अन्वस्त तोच, ०.७ सेकंदही जवळपास तोच. फरक एवढाच की मॉलने लढाई संपली असे मानले होते. उडी येईल असे त्याच्या मनातही नव्हते. ०.२ सेकंदाचा हिशेब सावध माणसासाठी आहे. बेसावधाला काय घडते आहे हे कळण्यातच त्याहून जास्त वेळ जातो. मुस्ताफारवर ओबी-वान मात्र त्या उडीची वाटच पाहत होता. ती उडी त्याने स्वतः मारून पाहिलेली होती!

दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी माझे आकडे तपासायला घेतले. काठ्या घेऊन जिन्यावर लढायला मी सक्त मनाई केली होती. तुम्हीही तसे करू नका. जिन्यावरून पडून हात मोडायला गुरुत्वाकर्षण पुरेसे आहे. त्यांनी दीड मीटर सुतळी घेतली, तिचे एक टोक एकाच्या खांद्याशी धरले आणि दुसरे टोक भिंतीवर खडूने काढलेल्या माणसाच्या कपाळापर्यंत व गुडघ्यापर्यंत पोचते का ते पायरी-पायरीने पाहिले. तिसऱ्या पायरीवर थोरल्याचा चेहरा उतरला. पण तो हार मानणारा नव्हे. संध्याकाळी येऊन म्हणाला, “मामा, मुस्ताफारचे गुरुत्व चंद्राएवढे असते तर?”

चंद्राचे गुरुत्व आपल्या साधारण एक षष्ठांश. अडीच मीटरची उडी मारायला वेग कमी लागेल, दमछाकही कमी होईल. पण माथ्यावर पोचायला मात्र पावणेदोन सेकंद लागतील. “म्हणजे ओबी-वानला खड्ग उगारायला आणखी वेळ,” धाकटा म्हणाला. थोरल्याने कागद ओढला आणि आडव्या वेगाचे काय, ते मांडायला बसला.